गोमंतकाचीं संक्षिप्त वर्णनें : एक परीक्षण

गोमंतकाचा परिचय करून देणारीं लहानमोठीं पुस्तकें, प्रवाशांच्या मार्गदर्शिका, कोशांतील नोंदी आणि शाळांतून वाटलीं जाणारीं टिपणें यांचा गेल्या कांहीं वर्षांत मोठा सुकाळ झाला आहे. त्यांतील तीस-पस्तीस मीं मुद्दाम मिळवून वाचलीं. वाचून झाल्यावर असें वाटूं लागलें कीं, निबंध एकच असून तो निरनिराळ्या नांवांखालीं पुनःपुन्हां छापला जात आहे. आरंभीं परशुरामाचा बाण. त्यानंतर एकदम इ. स. १५१० आणि आल्फोंसु द आल्बुकेर्क; मग ‘साडेचारशें वर्षांचें पोर्तुगेज राज्य’; शेवटीं १९६१ चा डिसेंबर. मध्यंतरीं एक परिच्छेद हवामानाचा, ज्यांत बाराही महिने ऊन पडतें. आणि एक लोकांचा, ज्यांत सर्वजण आनंदी, गायनप्रिय व मत्स्याहारी असतात. एकाही पुस्तकाचें नांव येथें घेत नाहीं. दोष कोणा एका लेखकाचा नव्हे. तो सांच्याचा आहे, आणि हा सांचा सर्वांनीं मिळून घडविला आहे.

त्रैमासिकाच्या वाचकांनीं असल्या वाङ्मयाकडे लक्ष कां द्यावें, असा प्रश्न कोणी करील. आपण ताम्रपट वाचणारे, रुमाल सोडणारे लोक. प्रवाशांच्या पुस्तकांशीं आपणांस काय कर्तव्य? मीही पुष्कळ वर्षें असेंच मानीत होतों. मत पालटलें तें एका घरच्या अनुभवानें. तो प्रथम सांगतों.

चार वर्षांपूर्वीं अंत्रुज महालांतील, म्हणजे हल्लींच्या फोंडें तालुक्यांतील, एका जुन्या घरीं पोथ्या असल्याचें कळल्यावरून मी तेथें गेलों. यजमान सुशिक्षित व अगत्यशील. माळ्यावर दोन पेटारे होते. एकाचा तळ वाळवीनें खाल्ला होता व आंतील पोथ्यांचा अक्षरशः लगदा झाला होता. दुसऱ्यांत देवस्थानच्या हिशेबाचे मोडी कागद, दोन माहात्म्यें आणि कांहीं पोर्तुगेज दस्तऐवज निघाले. तिसराही एक पेटारा होता. परंतु आदल्या वर्षीं चतुर्थीच्या आधीं घराला रंग देतांना तो नदींत सोडला, असें यजमान सहज म्हणाले. मीं कारण विचारलें. त्यांनीं आंतून एक पुस्तिका आणून दाखविली. तींत छापलें होतें कीं, गोव्यांतील सर्व जुने ग्रंथ व दप्तरें इन्क्विझिशनच्या काळीं जाळून टाकण्यांत आलीं. ‘जुनें तें सर्व जळालें, मग आमच्या माळ्यावर जें उरलें तें जुनें कसें असेल?’ हा त्यांचा तर्क. अनुमानाची मांडणी शुद्ध होती. हेतु तेवढा असिद्ध होता. नैयायिकाला हें पाहून समाधान वाटलें असतें. मला वाटलें नाहीं, कारण नदींत गेलेल्या पेटाऱ्यावर ‘जुन्या पोथ्या’ अशी चिठ्ठी होती, असें त्यांनींच पुढें सांगितलें.

त्या एका वाक्यांतील असत्य कोणतें तें पाहूं. इन्क्विझिशन गोव्यांत १५६० मध्यें स्थापन झालें, १७७४ मध्यें बंद पडलें, १७७८ मध्यें पुन्हां सुरू झालें आणि १८१२ मध्यें कायमचें उठलें. १५४० च्या सुमारास तिसवाडींतील व १५६७ च्या सुमारास साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं. ग्रंथही जाळले गेले. हें कोणी नाकारीत नाहीं, मीही नाहीं. परंतु अंत्रुज महाल त्या काळीं पोर्तुगेजांच्या ताब्यांत कोठें होता? तो आदिलशाहींत होता. पुढें १६७५ मध्यें फोंड्याचा किल्ला शिवाजीमहाराजांनीं घेतला. त्यानंतर सौंध्याच्या राजाचा अंमल आला. आणि १७६३ मध्यें तो पोर्तुगेजांकडे गेला. तोंपर्यंत नव्यानें घेतलेल्या महालांतील लोकांचा धर्म व चालीरीति राखण्याचें धोरण पोर्तुगेज सरकारनें पतकरलें होतें. सारांश, ज्या आगीची भीति त्या पुस्तिकेनें यजमानांच्या मनांत घातली, ती आग त्यांच्या गांवापर्यंत कधीं पोहोंचलीच नव्हती. उलट आग लागलेल्या प्रदेशांतून देव, माणसें आणि कागद निसटून त्यांच्याच महालांत आश्रयास आले होते.

येथूनच ‘साडेचारशें वर्षांच्या’ हिशेबाचीही झडती घेतां येते. १५१० च्या नोव्हेंबरांत आल्बुकेर्कच्या हातीं आलें तें तिसवाडी बेट. बारदेस व साष्टी १५४३ मध्यें मिळालीं. आजचा मुरगांव तालुका जुन्या साष्टींतच मोडतो. ह्या जुन्या काबिजादी. त्यांचें क्षेत्रफळ आजच्या गोवा राज्याच्या, म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटरच्या, सुमारें चतुर्थांश भरतें. उरलेला तीन-चतुर्थांश भाग नव्या काबिजादींचा : फोंडें १७६३ मध्यें, डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास, पेडणें १७८८ मध्यें. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत मोजलें तर पेडण्यांत पोर्तुगेज राज्य १७३ वर्षें झालें, फोंड्यांत १९८. मुंबई बेट इंग्रजांकडे याहून कितीतरी अधिक काळ होतें. आणि तरीही प्रत्येक पुस्तिकेंत पेडण्याचा शेतकरीही साडेचारशें वर्षांचा पोर्तुगेज प्रजाजन ठरतो! वजाबाकी करण्याचे श्रम कोणीं घेतलेले दिसत नाहींत. मी चाळीस वर्षें शाळेंत होतों. असली चूक चौथीच्या मुलालाही क्षम्य धरली नसती.

१५१० पूर्वींच्या काळाविषयीं ह्या पुस्तकांत बहुधा एकच ओळ असते, ‘त्यापूर्वीं येथें अनेक हिंदु व मुसलमान राजांनीं राज्य केलें’ अशा धाटणीची. त्या एका ओळीखालीं काय गाडलें गेलें आहे तें त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. शिरोड्याचा भोज राजा देवराज याचा ताम्रपट चंद्रपुराहून, म्हणजे आजच्या चांदराहून, दिलेला आहे. कदंबांनीं राजधानी चंद्रपुराहून जुवारीकांठच्या गोपकपत्तनास नेली. त्यांच्या काळचें तांबडी सुर्लाचें महादेवाचें देऊळ सह्याद्रीच्या पायथ्याशीं अद्याप उभें आहे. जॉर्ज मोरायस यांचा कदंबकुलावरील ग्रंथ १९३१ मध्यें प्रसिद्ध झाला. तो वाचलेला एकही परिचयकार मला ह्या पुस्तकांत आढळला नाहीं. १४७२ मध्यें महमूद गवानानें बहामनी राज्याकरितां गोवें घेतलें तें विजयनगरच्या सत्तेकडून, त्यानंतर आदिलशाही. आल्बुकेर्कनें घेतलें तें शहर भरलेलें होतें. ओसाड वाळवंटावर तो उतरला नव्हता.

आतां पुराणाकडे वळूं. या विषयांत मला थोडा अधिकार असल्यामुळें अंमळ सविस्तर लिहितों. वाचकांनीं क्षमा करावी.

सर्व परिचयकार सह्याद्रिखंडाचा आधार सांगतात. तो पाहिलेला मात्र क्वचित् एखादा असतो; बहुतेकांनीं एकमेकांचा पाहिलेला असतो. सह्याद्रिखंड हें स्कंदपुराणाचा भाग म्हणवितें. स्कंदपुराणाच्या नांवावर किती खंडें व माहात्म्यें जोडलीं गेलीं आहेत हें सर्वांस ठाऊक आहे. ह्या पुराणाचें जें प्राचीन रूप नेपाळांतील हस्तलिखितांतून हातीं आलें आहे, त्यांत सह्याद्रिखंडाचा पत्ता नाहीं. जेर्सन द कुन्हा यांनीं निरनिराळ्या ठिकाणच्या पोथ्या जमवून १८७७ मध्यें मुंबईस त्याची आवृत्ति काढली. त्या काळाच्या मानानें तो मोठाच उद्योग होता व त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेंच पाहिजे. पण ह्या ग्रंथाचें स्वरूप विचारांत घ्या. एका अध्यायांत त्रिहोत्राहून आणलेल्या दशगोत्री ब्राह्मणांची स्तुति. दुसऱ्यांत चित्पावनांची व तिसऱ्यांत कऱ्हाड्यांची उत्पत्ति, तीही अशा शब्दांत कीं ती सांगणारा त्यांचा मित्र नव्हता हें उघड व्हावें. आणखी पुढें पतित ग्रामांचा निर्णय. ज्या ग्रंथांत शेजाऱ्याच्या कुळाचा निकाल लागतो, त्यांत प्रत्येक पिढीनें आपल्या सोयीचे श्लोक घातले व गैरसोयीचे गाळले असले पाहिजेत. अशा ग्रंथाचा आधार देतांना कोणती पोथी, कोठची, कोणाच्या घरची, हें सांगितल्यावांचून ‘पुराणांत म्हटलें आहे’ एवढ्यानें कांहींही सिद्ध होत नाहीं. सह्याद्रिखंड हा ज्ञातींच्या परस्परसंबंधांचा अमोल पुरावा आहे. गोमंतकाच्या पहिल्या वसाहतीचा तो पुरावा नव्हे.

त्यांतील बाणाची कथा तर एकट्या गोमंतकाची नाहीं. केरळांतही परशुरामानें समुद्र हटवून ब्राह्मणांस चौसष्ट ग्राम दिले अशी परंपरा आहे. येथें साष्टीच्या नांवांत सहासष्ट ग्राम पाहतात, तिसवाडींत तीस, बारदेसांत बारा. किनाऱ्याकिनाऱ्यानें एकच कथा संख्या बदलून चालत गेलेली दिसते. तिचा उगम कोठें व ती कोणत्या दिशेनें गेली, हा शोध घेण्याजोगा विषय आहे. कोणीं तरुण अभ्यासकानें तो हातीं घ्यावा.

‘गोमंतक’ ह्या नांवाचीही अशीच गत. हरिवंशांत गोमंत आहे म्हणून तो गोवा, असें बेलाशक लिहिलें जातें. हरिवंशांतील गोमंत हा पर्वत आहे. रामकृष्णांना करवीरपुराच्या परिसरांत परशुराम भेटतो, त्याच्या सल्ल्यानें ते त्या पर्वतावर चढतात, आणि जरासंध खालून पर्वताला आग लावितो. ती कथा घाटावरील एखाद्या दुर्गम शिखराला शोभते. खाड्यांच्या व मिठागरांच्या देशाला ती लावण्यास अधिक पुरावा हवा. शिलालेखांत व ताम्रपटांत आढळतें तें गोपकपत्तन, गोपकपुरी, आणि लौकिक नांव गोवें. ‘गोमंतक’ हें त्याचें संस्कृत सभ्य रूप म्हणून मलाही प्रिय आहे व या लेखाच्या मथळ्यांत मींच तें वापरलें आहे. पण प्रिय असणें वेगळें आणि प्राचीन असणें वेगळें.

समुद्र मागें हटल्याची कथा सांगणारांना एक गोष्ट दिसत नाहीं : गोमंतकांत समुद्र खरोखरच मागें हटविलेला आहे, आणि तो बाणानें नव्हे, कुदळीनें. खाडीकांठच्या खाजन जमिनी पहाव्या. चिखल, पेंढा व चिरे यांचे बांध घालून भरतीचें खारें पाणी अडवावयाचें. बांधांत लांकडी झडपांची मानस बसवावयाची, म्हणजे भरतीला झडप आपोआप मिटते व ओहोटीला आंतील पाणी बाहेर जाऊं देते. पावसाच्या गोड्या पाण्यानें मातींतील मीठ धुवून काढावयाचें आणि तींत कोरगुटासारखें खारटपणा सोसणारें भात पिकवावयाचें. एका ठिकाणचा बांध फुटला तर साऱ्या गांवचें पीक खारवतें. म्हणून बांध हा कोणा एकाचा असूं शकत नाहीं; तो गांवचा असतो. गांवकरी ही संस्था, जिला पोर्तुगेज कोमुनिदाद म्हणूं लागले, तिचा जीव या बांधांत आहे. आफोंसु मेशीय यानें १५२६ मध्यें गांवकऱ्यांचे रीतिरिवाज नोंदवून जी सनद तयार केली, तींत तिसवाडीच्या वसाहतीची परंपरा दिली आहे : चार असामी आले, त्यांनीं ओसाड बेट लागवडीस आणलें, आणि त्यांचे वंशज ते गांवकर. ह्या कथेंत ऋषि नाहीं, क्षत्रियसंहार नाहीं. पुराणाची पोथी व १५२६ ची सनद शेजारीशेजारी ठेवून वाचणारा एकही परिचय-ग्रंथ निघूं नये, याचें नवल वाटतें. जमीन कोणीं मिळविली ह्या प्रश्नाचीं हीं दोन उत्तरें आहेत, आणि त्यांपैकीं एकाच्या बाजूला बांध अजून उभे आहेत.

हवामानाच्या परिच्छेदांत ‘बाराही महिने ऊन’ लिहिणारांनीं आषाढांत एक आठवडा सत्तरींत काढावा. गोमंतकांत वर्षास सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाच्या कडेला त्याहूनही अधिक. आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. परदेशी प्रवासी डिसेंबरांत येतो, त्यास ऊन दिसतें, व त्याच्यासाठीं लिहिणारा तेंच लिहितो. संग्राहकाच्या दृष्टीनें हा देश पावसाचा आहे. येथील कागदाचें आयुष्य वर्षांनीं मोजूं नये, पावसाळ्यांनीं मोजावें. दमट हवेंत शाई फुटते, पानें एकमेकांस चिकटतात, कसर व वाळवी उरलेलें काम करतात. इन्क्विझिशननें जाळलें तें एकदां जाळलें. पाऊस दर वर्षीं येतो. किती पोथ्या आगीनें गेल्या व किती ओलीनें, याची तुलना करणारा आंकडा कोठेंच नाहीं. तरीही सर्व दोष आगीकडे दिला म्हणजे माळ्यावर चढण्याचे श्रम वांचतात.

पाऊस केवळ नाशक आहे असें मात्र समजूं नये. गोव्याचें सर्वांत मोठें दप्तर मोसमी वाऱ्यानेंच घडविलें. लिस्बनहून जहाजें मार्च-एप्रिलांत निघत, नैऋत्येच्या वाऱ्यावर सप्टेंबर-आक्टोबरांत गोव्यास पोहोंचत, आणि परतीला डिसेंबर-जानेवारीची वाट पाहात. राजाचीं पत्रें येत तीं ह्या वाऱ्याबरोबर व उत्तरें जात तींही ह्याच वाऱ्याबरोबर. म्हणून गोवा पुराभिलेखागारांतील त्या पत्रव्यवहाराच्या चारशेंहून अधिक खंडांचें नांवच ‘मोंसोंयश दु रेनु’, म्हणजे राज्याकडील मोसम, असें पडलें. मोसम हा मूळ अरबी शब्द. पोर्तुगेजांनीं तो आपला केला आणि दप्तराच्या पाठीवर लिहिला. या पुराभिलेखागाराची स्थापना १५९५ सालची, पहिला दप्तरदार इतिहासकार दिओगु दु कोतु. ह्याच दप्तरांत पांडुरंग पिसुर्लेकरांनीं जन्म घालविला व पोर्तुगेज-मराठे संबंधांचीं साधनें उजेडांत आणलीं. हवामान, राज्यकारभार व इतिहासाचीं साधनें हीं तीन निरनिराळीं प्रकरणें करण्याची सवय असल्यामुळें आमच्या परिचयकारांना तीं एकाच दोरींत गुंफलेलीं दिसत नाहींत.

इमारतींबाबतही हेंच. जुन्या गोव्यांतील बोम जेजूच्या लाल चिऱ्यांच्या भिंतींचें वर्णन प्रत्येक पुस्तकांत असतें. ‘काळानें दिलेला तांबूस रंग’ असें एकानें लिहिलें आहे. तो रंग काळानें दिलेला नाहीं. ह्या देवालयाला चुन्याचा गिलावा होता. तो विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकांत मुद्दाम काढण्यांत आला. चिरा हा सच्छिद्र दगड. गिलाव्यावांचून पाऊस त्याचा भुगा करतो. ज्याला परिचयकार सौंदर्य म्हणतात ती एक उघडी जखम आहे. सांत आगुस्तीनच्या मठाचें छत १८४२ मध्यें कोसळलें व मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्यें. त्या अवशेषांकडे पाहून तरी पाऊस काय करतो हें ध्यानांत यावें.

लोकांविषयीं फार लिहीत नाहीं, कारण परिचयकारांनींच कांहीं लिहिलेलें नाहीं. २०११ च्या शिरगणतींत राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. तींत हिंदु सुमारें ६६, ख्रिस्ती २५ व मुसलमान ८ टक्के. पुस्तकें वाचून हें प्रमाण कोणालाही सुचणार नाहीं. गावडे, कुणबी, वेळीप, धनगर यांना चित्रांपुरतें स्थान मिळतें, तेंही नाचतांना. कुशावतीकांठीं उसगाळीमळ येथील खडकांवरील कोरीव आकृति १९९३ मध्यें अभ्यासकांपुढें आल्या. त्या कोरणाऱ्यांचा इतिहास ताम्रपटांच्याही फार मागें जातो, आणि तो लिहावयाचा राहिला आहे.

फोंड्याच्या देवळांसंबंधीं मात्र चार शब्द लिहिणें भाग आहे. हीं ‘निसर्गरम्य दरींत एकवटलेलीं’ आहेत असें लिहितात. तीं तेथें कां एकवटलीं? मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. खाडीच्या अलीकडे पोर्तुगेज, पलीकडे आदिलशहा. मधलें पाणी ओलांडून लोकांनीं रातोरात मूर्ति नेल्या. आज उभीं असलेलीं देवळें पुष्कळ नंतरचीं. कवळ्याचें देऊळ शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांच्या साह्यानें अठराव्या शतकांत झालें. ह्या स्थलांतरामुळें गोमंतकाच्या कागदपत्रांचा भूगोलच बदलला. केळशीचा इतिहास केळशींत शोधून उपयोग नाहीं; तो कवळ्याच्या महाजनांच्या घरीं, आणि तेथून कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत शोधावा लागतो. याउलट नार्व्याच्या सप्तकोटीश्वराचा शिलालेख जागेवर आहे. शिवाजीमहाराजांनीं तें देऊळ बांधावयास काढलें त्याचा शक १५९०, कीलक संवत्सर, मास, पक्ष, तिथि व वार इतकें सर्व त्यांत कोरलें आहे. पंचांग मांडून ताळा पाहण्यास याहून चांगला लेख विद्यार्थ्याला मिळणार नाहीं. पुस्तिकांत त्याची नोंद ‘शिवकालीन देऊळ’ या दोन शब्दांत आटोपते.

आतां ग्रंथांसंबंधीं. ‘सर्व जळालें’ हें विधान खोटें ठरविण्यास गोमंतकाबाहेर जावें लागतें, हा दैवदुर्विलास आहे. थोमस स्टीफन्स याचें क्रिस्तपुराण रायतूर येथें १६१६ मध्यें रोमी लिपींत छापलें. १६४९ व १६५४ मध्येंही छापलें. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो लोकांनीं हातानें उतरलेल्या प्रतींवर, व त्यांवरून १९०७ मध्यें मंगळुरास सालढाण्यांनीं छापला. म्हणजे छापील ग्रंथ नष्ट झाला आणि हस्तलिखित वांचलें! पुढें लंडन येथील मार्सडन संग्रहांत त्याची देवनागरी प्रत जस्टिन ॲबट यांना सांपडली. तिचे शब्द अधिक संस्कृतप्रचुर आहेत. मूळ कोणती, रोमी कीं नागरी, याचा वाद संपलेला नाहीं. माझा कल असा कीं, केवळ संस्कृत शब्द अधिक म्हणून नागरी प्रत मूळ मानूं नये, कारण लेखकू शब्दांना सोंवळें नेसवितात हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथालयांत रोमी लिपींत उतरविलेल्या कोंकणी गद्य रामायण-महाभारतकथा व त्यांसोबत मराठी पद्यें आहेत. तीं उतरवून घेतलीं तीं जेजुइतांनीं, लोकांची भाषा शिकण्याकरितां. देवळें पाडणाऱ्यांच्याच सोबत्यांनीं पोथ्या राखल्या, आणि १६८४ मध्यें देशी भाषा तीन वर्षांत सोडावी असा हुकूम सुटला तोही त्याच सरकारचा. असला गुंता दोन ओळींच्या परिच्छेदांत मावत नाहीं, म्हणून तो गाळतात.

मराठी कीं कोंकणी हा वाद येथें मुद्दाम टाळतों. १९६७ चा जनमतकौल, १९८७ चा राजभाषा कायदा व त्याच वर्षीं मिळालेलें घटकराज्य ह्या गोष्टी होऊन गेल्या आहेत. एवढेंच म्हणतों कीं, ब्रागाच्या पोथ्यांत ह्या दोन्ही भाषा एकाच संग्रहांत नांदतात, आणि जुन्या गांवकऱ्यांच्या चोपड्यांत तर गोंयकानडी ही तिसरीच लिपि येते. ती वाचणारे आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वाद करणारे पुष्कळ आहेत.

सांच्यानें चालण्याचा दोष मी इतरांना देत असलों तरी मीही त्यांतून सुटलों नाहीं, हें सांगितलें पाहिजे. त्या घरच्या दुसऱ्या पेटाऱ्यांतील कागद मीं घरीं आणले, आणि सवयीप्रमाणें मोडी एका रुमालांत व पोर्तुगेज दुसऱ्या रुमालांत बांधले. पोर्तुगेज मला येत नाहीं. तो रुमाल एका जाणत्या स्नेह्याकडे पाठविला. मोडी हिशेब मीं वाचले : देवस्थानच्या खाजनाचा बांध फुटला, त्याच्या दुरुस्तीचा खर्च, माणसांचे रोज, चिरे व पेंढा यांची किंमत. शेवटचें पान नव्हतें. ‘अपूर्ण’ असा शेरा मारून मीं तो प्रश्न मिटविला. आठ महिन्यांनीं स्नेह्याचें पत्र आलें. एका मुद्रांकित पोर्तुगेज अर्जाच्या पाठीवर मोडींत सात ओळी आहेत, त्या काय आहेत, अशी त्यांची पृच्छा. त्या माझ्याच हिशेबाच्या अखेरच्या ओळी होत्या. कोरा कागद संपला असावा. कारकुनानें हाताशीं आलेला अर्ज उलटा करून बेरीज मांडली होती. शकाचा आंकडा शाबूत आहे, संवत्सराचें नांव कसरीनें खाल्लें आहे.

त्या पेटाऱ्यांतील कागदांची यादी पुढील अंकाकरितां करीत आहें. तींत मोडी, नागरी व पोर्तुगेज असे भाग केलेले नाहींत. जेवढ्यांचा क्रम आठवून लावतां आला तेवढे कागद पेटाऱ्यांतून निघाले त्याच क्रमानें दिले आहेत.